जंगलातल्या ट्रेलवर स्किड मारतानाचे फोटो प्लीज छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारच्या पुरवणीत तुम्ही जंगलातल्या माउंटन बाइकिंगवर पूर्ण पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. मराठीत या विषयावर इतकं सविस्तर फारसं वाचायला मिळत नाही आणि लेख वाचून आमच्या घरातल्या दोघांनी मला विचारलं की पुढच्या वेळी आम्हीपण येऊ का, म्हणजे लेखाने आपलं काम केलं. पण पानाच्या वरच्या अर्ध्या भागात जो मोठा फोटो होता, लाल जर्सीतला रायडर वळणावर ब्रेक दाबून मागचं चाक आडवं घसरवतोय, म्हणजे स्किड मारतोय, आणि मातीचा फवारा थेट कॅमेऱ्याकडे उडतोय, त्या फोटोबद्दल मला लिहायचंय आणि जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. तो फोटो बघून ज्याला पहिल्यांदा जंगलात सायकल न्यावीशी वाटेल तो तिथे गेल्यावर सगळ्यात आधी तेच करून बघणार, आणि ट्रेलची वाट लावणारी गोष्ट नेमकी तीच आहे.

मी गेली आठ वर्षं एमटीबी म्हणजे माउंटन बाइक चालवतेय. रेस वगैरे नाही, वीकेंडला जमेल तसं. चार-पाच जणांचा ग्रुप आहे, एकाकडे गाडी आहे तिच्यावर सायकली बांधायच्या आणि निघायचं. तुमचा लेख आला त्याच्या पुढच्याच शनिवार-रविवारी आम्ही दोन दिवसांची ट्रिप केली आणि यावेळी माझी चौदा वर्षांची भाचीपण होती, तिची जंगलातली ही पहिलीच राइड. त्या दोन दिवसांत जे बघितलं त्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

शनिवारी उजाडता उजाडता चढायला लागलो. ट्रेल म्हणजे १८ किलोमीटरचा लूप, पहिले सात किलोमीटर जवळपास सगळा चढ, मग डोंगराच्या कुशीतून आडवा जाणारा अरुंद सिंगलट्रॅक आणि शेवटी वळणावळणांचा उतार. चढावर बोलायला दम नसतो त्यामुळे सगळे गप्प, फक्त चेनची टकटक आणि टायरखाली वाळलेली पानं चुरडल्याचा आवाज. पहिल्या तीव्र चढावर भाची उभी राहून पेडल मारायला लागली आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. तिला म्हटलं बसून मार, सीटच्या पुढच्या टोकाशी ये, छाती हँडलकडे झुकव, उभी राहिलीस की मागचं चाक हलकं होतं आणि पकड सोडतं. दोनदा पाय टेकले तिने, तिसऱ्यांदा चढली, वर पोचली, सायकल गवतात आडवी टाकली आणि शेजारी स्वतःपण आडवी झाली. दहा मिनिटं काही बोलली नाही आणि मग एकदम उठून म्हणाली, मावशी, इथे किती शांत आहे गं.

खरंच आहे. वर पोचल्यावर खालची दरी धुक्याने भरलेली होती आणि आमच्या बाजूच्या झाडांच्या फक्त शेंड्यांवर ऊन आलं होतं. तिथून पुढचा सिंगलट्रॅक मला सगळ्या ट्रेलमध्ये सगळ्यात आवडतो. वाट जेमतेम हँडलएवढी रुंद, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला उतरतं जंगल, मधेच मुळांचं जाळं आडवं येतं, मधेच दगडांची पायरी, मधेच अचानक सपाट मऊ माती आणि तिथे सायकल आपोआप पळायला लागते, पानांतून आलेलं ऊन हातावरून सरकत जातं आणि तुम्ही डोक्यात दुसरा कुठलाच विचार ठेवू शकत नाही कारण पुढचं वळण आलेलं असतं. आठवडाभर ऑफिसमध्ये स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला हे काय देतं ते मला शब्दात नीट सांगता येत नाही, पण यासाठी मी पहाटे चारला उठते आणि एकदाही कंटाळा येत नाही. ही वाट मला पुढच्या वीस वर्षांतपण अशीच हवी आहे, भाचीच्या पोरांनापण हवी आहे.

मधे एकाचं पंक्चर झालं, ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. टायरमध्ये हवा फार कमी ठेवली आणि दगडाच्या कडेवर जोरात आपटलं की रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटली जाते तेव्हा असं होतं. ट्रेलवर डांबरी रस्त्यापेक्षा हवा कमीच ठेवतात, त्याने पकड चांगली मिळते, पण ट्यूब असेल तर फार खाली जाऊन चालत नाही. ट्यूब बदलली, निघालो.

आणि मग उतार सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाच्या आधी भाची थांबली आणि मला म्हणाली, मावशी, इथे मी स्किड मारते, तू व्हिडिओ काढ ना, पेपरमध्ये होतं ना तसं.

मी रागावले नाही. तिची काय चूक, तिने जे बघितलं तेच ती बोलली. तिला म्हटलं सायकल झाडाला टेकव आणि माझ्याबरोबर चालत खाली ये. त्या वळणावर तिला दाखवलं. वळणाच्या आतल्या बाजूने एक चर पडलेला होता, सरळ उताराच्या दिशेने, माझ्या सायकलच्या टायरपेक्षा थोडा रुंद. त्यात वीत उभी धरली तर बुडाली. चराच्या कडेला बाजूच्या झाडाची मुळं उघडी पडली होती, वरची साल सोलवटून आतलं पांढरं दिसत होतं, म्हणजे टायर त्यांच्यावर घासत गेले होते. आणि खाली जिथे चर संपत होता तिथे सगळी माती पंख्यासारखी पसरून ओहोळात उतरली होती. वळणाच्या बाहेरून रायडर्सनी आता नवीन वाट पाडली होती कारण चरात चाक अडकतं, म्हणजे जिथे दीड फुटाची वाट होती तिथे आता पाच-सहा फूट उघडी जमीन झालेली, गवताचं पातं नाही.

हे एका दिवसात झालेलं नाही पण सुरुवात अशीच होते. कोणीतरी मागचा ब्रेक दाबून चाक लॉक करतं, टायरची नक्षी नांगरासारखी माती खरवडते, दोन-तीन फुटांची उथळ रेघ पडते. दुसरा येतो, पहिल्याची रेघ बघून त्याच जागी ब्रेक मारतो आणि आता तिथे जमीन भुसभुशीत झाल्यामुळे त्याचं चाक अजूनच सहज घसरतं. मग पाऊस येतो. पाण्याला आयती वाट मिळाली की ते ती सोडत नाही, रेघेतून खाली पळतं आणि पळता पळता अजून माती नेतं. पुढचं सगळं पाणीच करतं, सायकलने फक्त दार उघडून दिलेलं असतं.

ज्यांनी कधी ट्रेल बनताना बघितला नाही त्यांना वाटतं ही जंगलातली वाट आपोआप पडलेली आहे. गुरांच्या, माणसांच्या जुन्या वाटा असतात तशा, पण सायकलसाठी चांगला ट्रेल बनवतात तेव्हा त्यामागे पाण्याचाच सगळा हिशेब असतो. वाट डोंगराला आडवी न्यायची, सरळ उताराच्या रेषेत कधीच नाही. वाटेचा चढ-उतार हा बाजूच्या डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, तो जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच वाहायला लागतं. सगळ्या लांबीचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत असला तर वाट टिकते असा साधारण नियम. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित, पाचेक टक्के, कलता ठेवायचा म्हणजे पाणी कडेने निघून जातं. आणि ठराविक अंतराने उतरत्या वाटेला छोटासा उलटा चढ द्यायचा, म्हणजे वाहत आलेलं पाणी त्या खोलगट जागी येऊन बाहेर पडतं. रायडरला तो चढ-उतार म्हणजे मजा वाटते, एक छोटी लाट आल्यासारखी, पण ती लाट पाण्यासाठी केलेली असते. आता विचार करा, इतकं सगळं मोजून केलेल्या वाटेच्या मधोमध कोणी उताराच्या दिशेने चर पाडला तर त्या कलाचा आणि त्या खोलगट जागांचा उपयोग काय राहिला, पाणी चरातून बाहेरच येत नाही.

बरं, स्किडने सायकल लवकर थांबते असंही नाही. चाक फिरत असतं तोवर टायरची पकड जास्त असते, चाक लॉक होऊन घसरायला लागलं की पकड कमी होते, थांबायला जास्त अंतर लागतं आणि घसरतं चाक कुठे जाईल त्यावर तुमचा ताबा राहत नाही. थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते कारण ब्रेक लावल्यावर सगळं वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होतं. नवीन लोक पुढच्या ब्रेकला घाबरतात, वाटतं हँडलवरून उलटे पडू, म्हणून फक्त मागचा दाबतात आणि मागचा दाबला की स्किड. भाचीचं तेच होत होतं. तिला तिथून खाली एक रुंद, खडीचा पट्टा होता तिथे नेलं आणि अर्धा तास नुसते ब्रेक मारायला लावले. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट. पेडल समांतर, दोन्ही पायांवर उभी राहा, टाचा खाली दाब, कंबर मागे आणि खाली घे. वळणाच्या आधी सरळ भागात वेग कमी कर, वळणात शिरलीस की ब्रेक सोड आणि चाकाकडे बघू नकोस, वळणातून बाहेर जिथे जायचंय तिथे बघ. पहिली दहा मिनिटं चाक लॉक होतच होतं, मग तिला बोटात कळायला लागलं की कुठे चाक अडकायला येतं आणि त्याच्या केसभर आधी कसं सोडायचं. मला हे कळायला दोन वर्षं गेली होती कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं, सुरुवातीला मीपण स्किड मारत उतरायचे आणि मला ते भारी वाटायचं. आज त्या वाटा आठवल्या की वाईट वाटतं.

स्किडच्या फोटोंचा उगम कुठला तेपण सांगते, कारण तुमच्या लेखात इतिहास दोन ओळींत उरकला होता. कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या, १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरच्या जड सायकली घेऊन डोंगरातल्या मातीच्या रस्त्यांवरून उतरायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी तिथे पहिली रीतसर शर्यत घेतली, साधारण तीन किलोमीटरचा रस्ता आणि त्यात जवळपास ४०० मीटरचा उतार. त्या सायकलींना ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. एकदा खाली जाईपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन उडून जायचं आणि पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, इंग्रजीत रिपॅक करणं, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. त्या काळचे फोटो बघितले तर सगळे वळणावर मागचं चाक आडवं घालून जाताना दिसतात आणि त्या फोटोंनी या खेळाचा चेहरा ठरवला. पण त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता हो, एकच मागचा ब्रेक, तोपण पायाने दाबायचा, आणि खाली गाड्या जाऊ शकतील एवढा रुंद रस्ता. त्याच पोरांपैकी गॅरी फिशरने आपल्या सायकलला ड्रम ब्रेक आणि गिअर बसवले. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवीन फ्रेम बनवली. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेमवर बांधलेल्या सायकली माउंटनबाइक्स या नावाने विकायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही माउंटन बाइक मोठ्या संख्येने बाजारात आली. १९९० मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगोला यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची माउंटन बाइकची पहिली जागतिक स्पर्धा आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री, म्हणजे चढ-उताराच्या कच्च्या वाटांवरची माउंटन बाइक शर्यत, पहिल्यांदा, पुरुषांत नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंत्येन्स जिंकला आणि महिलांत इटलीची पाओला पेत्झो. वीस वर्षांत एवढं सगळं बदललं. आज साध्या एमटीबीलासुद्धा दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असतात, एका बोटाने थांबते सायकल. तरी फोटो मात्र आपण अजून त्याच जमान्यातले काढतोय.

आणि त्याच मरिन काउंटीत पुढे काय झालं तेपण बघा. जिथे हा खेळ वाढला त्याच डोंगरावरच्या अरुंद वाटा सायकलसाठी कितीतरी वर्षं बंद राहिल्या, चालणारे आणि घोडेस्वार यांच्याशी भांडणं होऊन. कॅलिफोर्नियात असे ट्रेल एकेक करून बंद व्हायला लागले म्हणूनच १९८८ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन इम्बा (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही संघटना काढली आणि रायडर्ससाठी नियम केले, उघड्या असलेल्याच वाटेवर जा, मागे खूण सोडू नका, सायकल ताब्यात ठेवा, दुसऱ्याला वाट द्या, जनावरांना दचकवू नका, तयारीने निघा. म्हणजे हे नियम वरून कोणी लादलेले नाहीत, वाटा गमावल्यावर रायडर्सनी स्वतःच केलेत.

काही लोक म्हणतात मग सायकली जंगलात नकोतच. तेही मला पटत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या वाटांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना केली होती आणि चाकांपेक्षा खुरांनी आणि पायांनी जास्त माती मोकळी झालेली आढळली. २००१ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या पानगळीच्या जंगलातला अभ्यास आला, तिथे एकाच जागेवरून ५०० वेळांपर्यंत चालून आणि सायकल नेऊन बघितलं, तर चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा परिणाम जवळपास सारखा निघाला आणि वर्षभराने ती झाडोऱ्याची हानी भरूनपण आली होती. म्हणजे फिरतं चाक जंगलाला पायापेक्षा फार जड जातं असं नाही. पण हे फिरत्या चाकाबद्दल झालं. लॉक झालेल्या चाकाची वकिली या अभ्यासांच्या जोरावर कोणी करू नये, आमच्या ग्रुपमध्ये एकाने केली होती म्हणून लिहितेय.

आता रविवारचं सांगते. शनिवारी रात्री पाऊस झाला, दोन-तीन तास चांगला कोसळला. सकाळी आकाश स्वच्छ, पानं चमकतायत, मातीचा वास, फोटोसाठी तर याहून चांगला दिवस नाही. आम्ही ट्रेलच्या तोंडाशी गेलो आणि सायकल न घेता पन्नास पावलं आत चाललो. बुटाची टाच दाबली की अर्धा इंच आत जात होती आणि ठसा तसाच राहत होता. माझा नियम साधा आहे, टाचेचा ठसा राहतोय तर टायरची रेघपण राहणार, आणि ओल्या मातीत पडलेली रेघ वाळली की विटेसारखी कडक होते, ती आपोआप बुजत नाही. एकजण म्हणाला एवढ्या लांब आलोय, हळू जाऊ, कडेकडेने जाऊ. कडेकडेने जाणं तर अजून वाईट, चिखल टाळायला प्रत्येकजण कडेने गेला की दोन महिन्यांत वाट दुप्पट रुंद होते. एखाद-दुसरं डबकं असेल तर मधूनच जावं, आणि सगळीच वाट ओली असेल तर जाऊच नये. पंधरा मिनिटं वाद झाला, थोडी तोंडं वाकडी झाली, शेवटी सगळे मागे फिरलो आणि जंगलाच्या कडेने जाणाऱ्या रुंद खडीच्या रस्त्याने २२ किलोमीटर फिरून आलो. तोही रस्ता सुंदरच होता. एका वळणावर हरणांचा छोटा कळप दिसला, आम्ही पाय टेकून उभे राहिलो, त्यांनी माना वर करून बघितलं आणि सावकाश आत गेली, पळाली नाहीत. सायकलला आवाज नसतो, त्यामुळे जनावर असो की माणूस, अचानक अंगावर आल्यासारखं होतं, म्हणून आंधळ्या वळणाच्या आधी आम्ही घंटी वाजवतो किंवा मोठ्याने बोलतो, आणि पुढे कोणी असेल तर थांबतो. चालणाऱ्याला आधी वाट, आणि दोन सायकली समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याला आधी, कारण चढावर एकदा थांबलं की पुन्हा निघणं कठीण असतं. कानात इअरफोन तर बिलकुल नको.

परत आलो तर ट्रेलच्या तोंडाशी तिघंजण बसलेले, विशी-बाविशीतले. सकाळी आमच्यानंतर आत गेले होते. सायकली ओळखू येत नव्हत्या, टायर आणि फ्रेममध्ये माती अशी ठासून बसली होती की चाक फिरत नव्हतं, एकाचा मागचा डेरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आत वाकून स्पोकला लागला होता. चेन साफ करायला आमच्याकडचं फडकं आणि तेल दिलं, डेरेलर जेवढा सरळ होईल तेवढा केला. बोलता बोलता मी विचारलं की पावसानंतर आत का गेलात, तर त्यातला एकजण खरंच गोंधळून म्हणाला, ताई, आम्हाला माहीतच नव्हतं असं काही असतं, माउंटन बाइकिंग म्हणजे चिखलातच मजा ना, सगळ्या फोटोत तसंच तर असतं. त्याचं हे वाक्य ऐकलं आणि मी त्याच क्षणी ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं.

त्या ट्रेलची देखभाल करणारे एक काका आहेत, वय साठीच्या पुढे असेल. दुपारी ते फावडं आणि कुदळ घेऊन आले, पावसाने काय काय वाहून नेलं ते बघायला. आम्ही म्हटलं आम्ही मदत करतो. वरचा निथळलेला भाग होता तिथून चालत चालत ते आम्हाला बरोबर त्या शनिवारच्या वळणावर घेऊन गेले. आधी चराच्या वरच्या बाजूला आडवी खोलगट जागा खणायची, म्हणजे वरून येणारं पाणी चरात शिरायच्या आधीच दरीकडे वळेल. मग चरात खाली मोठे दगड, वर लहान, मग माती, आणि प्रत्येक थराला पायाने आणि कुदळीच्या मागच्या बाजूने ठोकायचं. उघडी पडलेली मुळं झाकायची. बाहेरून पडलेली चोरवाट वाळलेल्या फांद्या आडव्या टाकून बंद करायची. ते तीन तरुणपण आले, स्वतःहून. आम्ही आठजण आणि काका, दोन तास, आणि तीन मीटरची दुरुस्ती झाली. काकांनी पुढे बोट दाखवलं आणि म्हणाले अशी अजून अकरा वळणं आहेत. भाचीच्या तळहाताला फोड आले होते, तिने ते मला दाखवले आणि विचारलं, हे सगळं स्किडमुळे?

तर संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी या विषयावर पान कराल तेव्हा माती उडवणारा फोटो घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने लोकांना रानावनात पायी आणि सायकलने फिरायचा हक्क दिलाय, पण तो जबाबदारीने वागलात तरच, हे त्याच कायद्यात लिहिलंय. आपल्या वाचकाला जंगलाची ओढ तुम्ही लावलीत, आता ती जबाबदारी कशी दिसते तेही दाखवा. लेखाच्या बाजूला एक छोटी चौकट द्या, त्यात लिहा की चाक लॉक करू नका, टाचेचा ठसा राहत असेल तर आत जाऊ नका, चालणाऱ्याला वाट द्या. आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी पुन्हा वापरू नका हेही लिहा, ते लेखात राहून गेलं होतं आणि महत्त्वाचं आहे. ज्या फोटोग्राफर मंडळींना तुम्ही पाठवता त्यांनापण सांगा, रायडरला त्याच वळणावरून पाच-पाच वेळा स्किड मारायला लावू नका, एका फोटोसाठी तेवढे टेक लागतातच हे मला माहीत आहे.

चांगला फोटो त्याशिवाय निघत नाही असं कोणी म्हणालं तर सोबत एक फोटो पाठवतेय तो त्यांना दाखवा. शनिवारी त्या खडीच्या पट्ट्यावर अर्धा तास ब्रेकची प्रॅक्टिस झाल्यावर खालच्या शेवटच्या वळणावर मी मोबाइलवर काढलाय. भाची सायकल आत झुकवून वळतेय, दोन्ही चाकं फिरतायत, ब्रेकवरची बोटं मोकळी आहेत, मागे जमिनीवर टायरची पुसटशी नक्षी सोडून काही नाही, एक कणही उडालेला नाही, आणि तिची नजर वळणाच्या पलीकडे आहे. तिचं तोंड बघा फक्त. तिच्या आईबाबांची परवानगी घेतलीय, नाव न देता छापला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक